शिक्क्याचा डगला

१

सोमवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून रॉझलिन पेनफोल्डला आठवड्यात सोमवारच आवडायचा. शाळांच्या सहली नाहीत, तोफेच्या नळीत आइस्क्रीमच्या काड्या खुपसणारे नाहीत, आणि ऐकायला कोणी नसल्यामुळे दारावरच्या डेरेक स्टबिंग्टनच्या गोष्टीही बंद. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, गोस्पोर्टच्या खाडीकाठी एका जुन्या कोठारात ते संग्रहालय होतं, त्याचा लाकडी जिना चढून ती वर यायची, कोपरापर्यंत हात धुवायची, अंगठी काढून बशीत ठेवायची आणि एकेक खण ओढून आतले कपडे पाहायची. कसर लागली का, ओल धरली का, घड्यांमधले कागद बदलायला झाले का. वर्षानुवर्षं हेच, आणि तिला त्याचा कधी कंटाळा आला नव्हता.

जुन्या लष्करी गणवेशांचा अभ्यास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तलवारी आणि पदकं येतात. खरं तर तो झिजेचा अभ्यास असतो. डाव्या कमरेशी लोकरीची लव उडाली असेल तर तिथे तलवार घासत होती. उजवी बाही मनगटाखाली चकाकत असेल तर साहेब लढला कमी आणि लिहीत बसला जास्त. गळ्याचं काज ताणलेलं असेल तर बढती मिळाल्यावर जेवण वाढलं. रॉझलिनला फेरीबोटीत समोर बसलेल्या माणसाच्या कोटावरूनही असलं बरंच काही कळायचं, आणि कळलेलं ती पोटात ठेवायची नाही. त्यामुळे फेरीबोटीत तिच्या शेजारची जागा बहुधा रिकामी असे.

पण खिडकीखालच्या मोठ्या खणात जो लाल डगला होता, त्याच्यावर वाचण्यासारखं काहीच नव्हतं, आणि त्यातच त्याची सगळी थोरवी होती. तो शिक्क्याचा डगला होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळात साध्या मरीन सैनिकाचा, म्हणजे आरमाराच्या जहाजांवरच्या शिपायाचा, डगला कसा असावा हे ठरलं, की आधी एक नमुना शिवला जायचा. वरचे साहेब तो पसंत करायचे, छातीवर दोरा बांधून त्याला लाखेचा शिक्का मारायचे आणि कुलपात ठेवायचे. कापडवाले, शिंपी, ठेकेदार यायचे आणि त्या एका डगल्याबरहुकूम हजारो डगले शिवून द्यायचे. ते हजारो डगले समुद्रावर गेले, वाळवंटात गेले, बरेचसे मातीत गेले. नमुना मात्र कुलपातच. तो कोणी अंगात घालायचाच नसतो.

मरीनच्या डगल्यांचे असे नमुने पुढे कुठे कुठे गेले, बहुतेकांचे शिक्के गळून पडले. हा मात्र जुन्या बराकीच्या शिंपीखान्यात भिंत पाडताना पत्र्याच्या पेटीत सापडला होता. रंग कुंकवासारखा ताजा, कॉलर निळी, आणि शिक्का अखंड. मरीनच्या त्या काळच्या डगल्याचा असा अखंड शिक्का देशात दुसरा कुठे असल्याचं रॉझलिनच्या माहितीत नव्हतं.

आणि त्या शिक्क्यावर आता सगळं अडकलं होतं. लहान संग्रहालयं बंद करून त्यांचा माल उत्तरेतल्या एका मोठ्या सरकारी कोठारात हलवायचा, असं वरती ठरत होतं. ज्याच्याकडे देशात दुसरी नाही अशी एखादी वस्तू असेल, त्यालाच फक्त सूट. शुक्रवारी त्या मोठ्या कोठाराचा प्रमुख जूलियन क्रेस्विक येऊन डगला पाहणार होता. तो खरा नमुना आहे असं तो म्हणाला, तर सगळं गोस्पोर्टमध्ये राहणार. नाही म्हणाला, तर गावातल्या लोकांनी आपल्या आजोबांच्या टोप्या, काकांचे पट्टे, बुडालेल्या भावांचे सदरे ज्या विश्वासानं रॉझलिनच्या हातात दिले होते, ते सगळं खोक्यांत भरून कुठल्या तरी अंधाऱ्या फळीवर जाणार.

त्या सोमवारी तिनं खण ओढला, वरचा पातळ कागद उचलला आणि तिचा हात तसाच राहिला.

उजव्या बाहीला, कोपराच्या आतल्या बाजूला, चुण्या पडल्या होत्या. घडीच्या चुण्या सरळ असतात. या आडव्या, पंख्यासारख्या पसरलेल्या, वापरानं मुरलेल्या होत्या. माणूस रोज हात वाकवतो तेव्हाच तशा पडतात.

"कागद नीट भरला नाहीस, बावळट," ती स्वतःला म्हणाली. तिनं बाहीत नवा कागद भरला, चुण्या बोटांनी अलगद सारख्या केल्या आणि खण लावून टाकला.

२

दुसऱ्या दिवशी खांद्यांवर पांढरं होतं.

दोन्ही खांद्यांवरून छातीवर एकमेकांना छेदत गेलेले पट्टे, खडूसारखे भुरकट. रॉझलिनला ते काय आहे हे पाहताक्षणी कळलं. मरीन आपले चामडी पट्टे पांढरी माती लावून चमकवत, आणि पट्टे घालून चाललं की ती माती डगल्यावर उतरायची. संग्रहालयातल्या निम्म्या डगल्यांवर ती आहे. या डगल्यावर ती असायचं काही कारणच नव्हतं.

ती खाली गेली तेव्हा डेरेक दारातल्या खुर्चीत बसून बेकनचा पाव खात होता. डेरेक म्हणजे मरीनमधून निवृत्त झालेला सार्जंट. पस्तिशीत असताना तो कवायतीच्या मैदानावर ओरडायचा तेव्हा पलीकडच्या पोर्टस्मथमधल्या बायका धुणं आत घ्यायच्या, असं तो स्वतःच सांगायचा. आता सत्तरी उलटली होती आणि तो फुकटात पहारा करायचा.

"डेरेक, खरं सांगा. तुम्ही तो डगला घालून पाहिलात?"

"मी?" डेरेकनं आपल्या पोटावर हात फिरवला. "अगं पोरी, या पोटाला तो डगला बसवायचा तर दोन लागतील, आणि मध्ये वरून तंबू."

"मग दुसऱ्या कोणी?"

"किल्ली तुझ्याकडे. वर जायचा जिना माझ्या खुर्चीमागे. मी सोडून इथून मांजर गेलं तरी मला कळतं." तो पाव खाली ठेवून तिच्याकडे बघू लागला. "का गं? काय झालं?"

"काही नाही. धूळ आहे."

"धूळ म्हणे," डेरेक पुटपुटला. मग जरा थांबून, नेहमीच्या आवाजात नव्हे, म्हणाला, "तुझ्या खोलीला लागून तो दोरखंडांचा माळा आहे ना, रिकामा, तिथे काही ठेवलंय का तू हल्ली?"

"नाही. का?"

"उगीच," डेरेक म्हणाला आणि पावाकडे वळला. इतकं कमी बोलून तो आजवर कधी थांबला नव्हता.

ती वर आली. मऊ ब्रशानं पांढरी माती झाडली, एका कागदावर गोळा केली, कागदाची पुडी केली. हे सगळं करताना तिच्या लक्षात आलं की आपण ऐकतो आहोत. खिडकीबाहेर बगळ्यांसारखे ते कर्कश समुद्रपक्षी नेहमीप्रमाणे भांडत होते, खाडीत ओहोटी लागलेली, उन्हाची तिरीप टेबलावर. सगळं रोजच्यासारखं. पण माळ्याच्या बंद दारापलीकडून काही तरी येत होतं. त्याला आवाज म्हणावा की नाही, हेच तिला ठरवता येईना. एखाद्या सभागृहात खूप माणसं गप्प उभी असली की बाहेरून नुसतं गप्प वाटत नाही, गच्च वाटतं. तसं ते होतं. मग मधूनच चामड्याचं एक बारीक करकरणं, एका पायावरचा भार कोणी दुसऱ्यावर घ्यावा तसं.

तिनं दार उघडलं. माळा लांबच लांब, रिकामा. फळ्यांवर धूळ, तुळयांना जुने गंजके हूक. धूळ अगदी जशीच्या तशी होती, एकही ठसा नाही.

"लाकूड आहे. उन्हानं फुगतं," ती मोठ्यानं म्हणाली. सुशिक्षित माणसाला घाबरायला झालं की तो असंच काही तरी शास्त्रोक्त बोलतो.

३

बुधवारी तिनं डगल्याचं माप घेतलं. गळ्याचा पितळी आकडा बाहेरच्या बाजूला वाकलेला, काज ताणलेलं, पाठीची शिवण इतकी ओढलेली की टाके दिसत होते. जाड मानेचा, रुंद पाठीचा माणूस. दुपारच्या चहानंतर तिनं पुन्हा पाहिलं तर आकडा सरळ होता, पाठ सैल पडली होती, आणि कॉलरच्या आत अगदी वर, जबड्याखाली, कापड झिजलं होतं. हा बारक्या मानेचा होता, कोवळा असेल, दाढीही न फुटलेला. उजव्या खांद्याची लव बंदुकीच्या दस्त्यानं उडालेली. आणि संध्याकाळ व्हायच्या आत तीच झीज डाव्या खांद्यावर आली होती. डावखुरा.

रॉझलिन स्टुलावर बसली. एक माणूस असता तर तिला इतकी भीती वाटली नसती, हे तिला स्वतःलाच विचित्र वाटलं. एका माणसाचं काही तरी करता येतं. निदान त्याला नाव असतं.

तिनं अस्तराखाली हात घातला. आत ऊब होती. नुकत्याच उतरवलेल्या कोटात असते तशी. तिनं हीटर बंद केला, खिडकी उघडली, गारठ्यात उभी राहिली, आणि नाक लाल झाल्यावर पुन्हा हात घातला. ऊब तशीच होती. काखेत तर ओलसुद्धा होती. डगल्याच्या खालच्या कडेला तिनं टिपकागद लावला, तो भिजला आणि वाळल्यावर त्यावर मिठाची पांढरी रेघ उमटली.

तेवढ्यात फोन वाजला. जूलियन होता. दोघं एकाच वर्षी, एकाच बाईंच्या हाताखाली शिकले होते. पुढे तो मोठ्या कोठाराचा प्रमुख झाला आणि रॉझलिन गोस्पोर्टची झाली, हे दोघांनीही एकमेकांना कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येतोय," तो म्हणाला. "रॉझ, मी तुझ्या बाजूनं आहे, हे लक्षात ठेव. शिक्का खरा निघाला तर मला आनंदच आहे. पण तू पाठवलेल्या फोटोत एका कोपराला मला काही तरी दिसलं."

"कागदाची घडी."

"तसंच असू दे. कारण घातलेला डगला हा नमुना नसतो. कोणीतरी जुना डगला घेऊन त्याला कुठला तरी शिक्का लटकवला, एवढाच त्याचा अर्थ होईल. मग माझ्या हातात काही राहत नाही."

"मला शिकवू नकोस रे."

"शिकवत नाही. तू बरी आहेस ना? आवाज कसा तरी येतोय."

"हीटर बंद आहे," रॉझलिन म्हणाली आणि फोन ठेवला.

४

गुरुवारी ती डगला टेबलावर घेऊन बसली. ठरवूनच बसली. आज कितीही झालं तरी नजर हलवायची नाही. हा खोडसाळपणा आहे, ओल आहे की आपलं डोकं फिरलंय, याचा निकाल लावायचा.

तिनं ब्रश घेतला आणि दोन्ही खांदे स्वच्छ केले. लाल कापड उन्हात पुन्हा कोरं दिसू लागलं. चुण्यांवर तिनं पाण्याच्या बारीक तुषारांचा हलका फवारा दिला, त्या विरल्या. कॉलरचा आकडा तिनं चिमट्यानं सरळ केला. मग हात मांडीवर ठेवून ती बघत राहिली.

बराच वेळ काही झालं नाही. मग डाव्या खांद्याच्या शिवणीवर एक पांढरा ठिपका आला. तो छातीकडे उतरू लागला, न घाईनं, न थांबता, आणि त्याच्यामागे पट्टा उमटत गेला. ठिपका कमरेपर्यंत पोचला तेव्हा दुसऱ्या खांद्यावरून दुसरा निघाला. उजव्या बाहीत तिनं भरलेला कागद चुरगळल्याचा आवाज झाला आणि बाही कोपरात वाकली. अगदी थोडी. हात शिवणीला लावून उभं राहताना वाकते तेवढीच. निळ्या कॉलरच्या कडेला दारूगोळ्याचं काळं उमटलं, पुसलं गेलं, पुन्हा दुसऱ्या जागी उमटलं. कापड क्षणात छातीशी ताणायचं, क्षणात ढिलं पडायचं. एकामागून एक. कोणीतरी एक जण यायचा, आपल्या अंगाची खूण ठेवायचा आणि पुढच्याला जागा द्यायचा.

रॉझलिनला ओरडावंसं वाटलं, पण ओरडली नाही. तिला राग आला. चक्क राग. आयुष्यभर आपण यांची झीज वाचत बसलो, यांच्या आयाबहिणींनी दिलेले कपडे तळहातावर जपले, आणि आज नेमका आपलाच घात करायला हे सगळे निघाले!

"काय पाहिजे काय तुम्हाला?" ती म्हणाली.

माळ्याच्या दारापलीकडे चामडं करकरलं. मग पुन्हा ते गच्च गप्पपण. त्या गप्प बसण्यात रुसवा नव्हता, धमकीही नव्हती. ती फार वेळ विचार करत राहिली आणि मग तिच्या ध्यानात आलं की ते काय आहे. ती शिस्त होती. ते हुकमाची वाट बघत होते.

तिची नजर शिक्क्यावर गेली. त्या बराकीच्या शिंपीखान्याची रीत तिला माहीत होती. म्हाताऱ्या शिंप्यांकडून तिनंच ती कधीकाळी टिपून घेतली होती. नवा नमुना आला की जुन्याचा शिक्का सर्वांसमोर फोडायचा. मग तो डगला कुत्र्याखाली घाला नाही तर फरशी पुसायला घ्या, कोणी विचारत नसे. पण शिक्का शाबूत आहे तोवर हुकूम चालू. या डगल्याचा शिक्का कोणी फोडलाच नव्हता. पेटी भिंतीत गेली, लाल डगले जाऊन निळे आले, राण्या गेल्या, राजे गेले, बराकीत घरं झाली, आणि या एका डगल्याबरहुकूम शिवलेले डगले घालून जे हजारो उभे राहिले होते त्यांना सुट्टी द्यायचं राहूनच गेलं.

"आणि आम्ही तोच शिक्का जपतोय," ती म्हणाली. आपल्या बोलण्याचं तिला हसू आलं, आणि हसता हसता अंगावर काटा आला. कारण पलीकडे, सगळ्यांचा मिळून एकच श्वास आत घेतला गेला होता आणि तो बाहेर पडत नव्हता.

शिक्का फोडायचा म्हणजे पुरावा फोडायचा. तिच्या धंद्यात यापेक्षा मोठं पाप नाही. शिक्क्याला बोट लावणाऱ्या मदतनिसांना तिनं स्वतः हाकलून दिलं होतं. तिनं हात पुढे केला, लाखेचा गारवा बोटांना लागला, आणि हात मागे घेतला. एकटीनं, बंद खोलीत नाही, असं तिनं ठरवलं. फोडायचाच तर साक्षीला माणूस हवा.

५

शुक्रवारी ऊन स्वच्छ होतं. जूलियन उंच, वाकलेला, गळ्यात मफलर गुंडाळून आला आणि आधी चहा मागितला. डेरेकनं चहा वर आणून दिला खरा, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. ट्रे हातात धरून बाहेरच उभा राहिला.

"आत या की, सार्जंट," जूलियन म्हणाला.

"इथून बरं दिसतं, साहेब," डेरेक म्हणाला.

जूलियननं आधी शिक्का पाहिला. भिंग लावून, खाली वाकून, इतका वेळ की त्याचा चहा गार झाला. मग त्यानं भिंग खाली ठेवलं तेव्हा त्याचा चेहरा एखाद्या पोरासारखा झाला होता.

"खरा आहे," तो म्हणाला. "रॉझ, हा खरा आहे! दोरा, लाख, ठसा, सगळं. कोणी हात लावलेला नाही."

"नक्की?"

"माझ्या नोकरीची शपथ."

मग त्यानं कागद बाजूला सारून डगला उघडला, आणि त्याचा आनंद हळूहळू मावळला. पांढरे पट्टे होते. काखा काळपट होत्या. कोपरं, कॉलर, खांदे, सगळीकडे माणसं होती. तो बाहीवरून बोट फिरवत राहिला.

"हा घातलाय गं," शेवटी तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरच दुःख होतं. "एकदा नाही, वर्षानुवर्षं घातलाय. मी काय लिहू? तूच सांग, काय लिहू मी?"

माळ्याच्या दारामागे भार एका पायावरून दुसऱ्यावर गेला. या वेळी फळ्यासुद्धा हलल्या. जूलियनचं बोट बाहीवर थांबलं. त्यानं मान वर केली नाही, पण त्याच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या.

"तू पाहिलास ना?" रॉझलिन म्हणाली. "शिक्का अखंड होता. तू साक्षीला आहेस."

"आहे. पण..."

तिनं शिक्का दोन्ही अंगठ्यांत धरला आणि मोडला.

"अगं काय केलंस!" जूलियन किंचाळला. लाखेचे दोन तुकडे दोऱ्याला लोंबत राहिले. त्या आवाजासरशी सगळं शांत झालं, बाहेरचे पक्षीसुद्धा. टेबलावरचा डगला छातीपाशी उचलला गेला, आत कोणी नसताना भरला, आणि तसाच राहिला. खांदे मागे, बाह्या सरळ शिवणीला. खोलीत घामाचा, चामड्याचा, खाऱ्या पाण्याचा आणि बंदुकीच्या जळक्या दारूचा वास भरला. काहीच होईना. श्वास तसाच कोंडलेला. शिक्का गेला, पुरावा गेला, आणि हे अजून उभेच!

"हुकूम," ती म्हणाली. "डेरेक! शिक्का फुटलाय, पण यांना कोणी सांगितलेलंच नाही. सांगा त्यांना!"

डेरेक पांढराफटक पडला होता. पण त्यानं ट्रे जमिनीवर ठेवला. तो उंबरा ओलांडून आत आला. टाचा जुळल्या, ते पोट कुठे तरी आत गेलं, आणि त्या म्हाताऱ्याच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो रॉझलिननं जन्मात ऐकला नव्हता.

"परेड! सावधान!"

माळ्यात एकच टाच आपटली. हजारोंची, पण एकच. खिडक्यांच्या काचा थडथडल्या, कपबश्या नाचल्या, तुळयांवरची धूळ खाली आली.

डेरेकच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "शाब्बास, पोरांनो," तो म्हणाला, हुकमाच्या आवाजात नाही, नुसतंच. मग त्यानं छाती भरून घेतली.

"परेड! विसर्जन!"

माळ्याचं दार आपोआप उघडलं. रॉझलिनला पुढे बघायचं नव्हतं आणि तिनं बघितलं. उन्हात उडणाऱ्या धुळीत लाल पाठी होत्या. रांगेमागे रांग, सगळ्या एका मापाच्या डगल्यातल्या आणि एकही पाठ दुसरीसारखी नाही. माळा संपत होता तिथे त्या संपत नव्हत्या. सगळे उजवीकडे वळले. शेवटच्या रांगेतल्या एकाची मान वळता वळता तिच्याकडे आली, कॉलरच्या वर जिथे चेहरा असायला हवा तिथवर, आणि तिनं डोळे मिटले.

मग रांगा मोडल्या. पावलांचा लोंढा फळ्यांवरून धावत गेला, जिना नसलेल्या बाजूनं खाली, खाडीकडे. कोणीतरी शीळ घातली. कोणीतरी हसलं. शाळा सुटल्यावर होतो तसला गलका पाण्यावरून लांब लांब गेला, आणि खाडीतले सगळे पक्षी एकदम उडाले.

६

डगला टेबलावर सपाट पडला होता. रॉझलिननं अस्तराखाली हात घातला. आत गार होतं, दुकानातल्या कापडासारखं. खांद्यावर माती नव्हती. कोपराला चुणी नव्हती. काज इतकं कोरं की त्यातून बटण कधी गेलेलंच नाही.

"बघ," ती जूलियनला म्हणाली. "ये ना, बघ आता!"

जूलियननं भिंग घेतलं. पहिल्यांदा ते त्याच्या हातातून पडलं. त्यानं डगला बाहेरून पाहिला, आतून पाहिला, शिवण न शिवण पाहिली. मग तो सरळ उभा राहिला.

"हा डगला कोणीही, कधीही, अंगात घातलेला नाही," तो म्हणाला. "खरा नमुना आहे. शिक्का माझ्या डोळ्यांदेखत, रीतीप्रमाणे फोडलेला आहे. मी तसंच लिहीन. इथून एक बटणसुद्धा हलणार नाही."

रॉझलिननं अशी आरोळी ठोकली की खालच्या रस्त्यावर कोणाचं तरी कुत्रं भुंकू लागलं. तिनं डेरेकला दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्या पोटासकट गोल फिरवलं. "जिंकलो! डेरेक, जिंकलो हो!" आणि डेरेक रडत, हसत, "अगं सोड, माझी कंबर, अगं पोरी," म्हणत फिरत राहिला. इतकी वर्षं जपलेल्या त्या टोप्या, पट्टे, सदरे आपापल्या खणांत आपल्याच गावात होते आणि आता कायमचे असणार होते. ती खुर्चीत कोसळली तेव्हा तिचे केस सुटले होते आणि ती पंचवीस वर्षांची दिसत होती.

जूलियन मात्र बसला नाही. तो माळ्याच्या उघड्या दारापाशी उभा होता. धुळीवर एकही ठसा नव्हता. बराच वेळ तो त्या रिकाम्या फळ्यांकडे बघत राहिला, आणि बोलला तेव्हा रॉझलिन आणि डेरेककडे पाठ करूनच बोलला.

"आमच्या कोठारात नमुन्यांचे तीन मजले आहेत," तो म्हणाला. "पायदळ, घोडदळ, तोफखाना, आरमार. शिक्के आम्ही जपलेत. सगळे शाबूत आहेत. तळमजल्यावर हल्ली माझी माणसं जात नाहीत. मी त्यांना सांगतो, पाइप वाजतात."

डेरेकनं जमिनीवरचा ट्रे उचलून टेबलावर ठेवला.

"सार्जंट," जूलियन वळला. "पुढच्या आठवड्यात मोकळे आहात का?"

डेरेकनं रुमालानं डोळे पुसले, नाक शिंकरलं. "किती जण असतील, साहेब?"

"सगळेच," जूलियन म्हणाला.

डेरेकनं रॉझलिनकडे पाहिलं. ती अंगठे पुढे करून बघत होती. त्यांना अजून लाल लाख चिकटलेली होती. मग तिनं होकारार्थी मान हलवली आणि भिंतीवरची दिनदर्शिका बघायला उठली.

"मग जरा मोठ्यानं ओरडावं लागेल," डेरेक म्हणाला.